सोमवारपासून बंद

"सोमवारपासून एक अक्षर बोलले नाहीत सर," काकूंनी दार उघडता उघडताच सांगितलं. "आज बुधवार."

मी चपला काढायला वाकलो आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या. मार्चमध्ये धर्माबादला उतरलं की हे ठरलेलंच. मिरचीचा बाजार भरलेला असतो, पोत्यांच्या गाड्या गल्लीबोळातून फिरत असतात आणि वाऱ्याबरोबर तिखट थेट घराघरात जातं. गावातल्या माणसांना सवय असते. माझी दर खेपेला तारांबळ उडायची.

"कॉम्प्युटरला काय झालंय?" मी नाक पुसत विचारलं.

"चालू होतंय आणि बंद पडतंय. परत चालू, परत बंद. तुम्हीच बघा."

तेव्हा मी नांदेडच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. तालुक्याच्या गावांचं काम माझ्याकडे होतं. बँका, शाळा, पतसंस्था, एखादं घर. त्या आठवड्यात सोमवारी किनवट झालं होतं, मंगळवारी देगलूर. अंग नुसतं ठणकत होतं. धर्माबादचं काम तासाभरात उरकायचं आणि दीडची एसटी पकडून घरी जाऊन पडायचं, एवढा एकच विचार डोक्यात होता.

सर पुढच्या खोलीत कॉटवर, पाठीला उशा लावून टेकून बसवलेले होते. व्यंकट कोटलवार सरांनी एकतीस वर्षं हायस्कूलला भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी आजार सुरू झाला. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. बुद्धी मात्र लख्ख होती. अंगात हलणारं काय उरलं होतं तर डोळे आणि उजव्या हाताचा अंगठा.

त्या अंगठ्याखाली हैदराबादच्या जावयानं एक बटण बसवून दिलं होतं. समोरच्या पडद्यावर बाराखडीच्या ओळी असत. एक पिवळी चौकट ओळींवरून सरकत जाई. हव्या त्या ओळीवर आली की सर अंगठा दाबत, मग चौकट त्या ओळीतल्या अक्षरांवरून सरके, पुन्हा अंगठा. असं एकेक अक्षर जुळवून वाक्य झालं की कॉम्प्युटर ते एका सपाट पुरुषी आवाजात वाचून दाखवी. सर त्या आवाजाला 'पाहुणा' म्हणत. बटण लांब दाबून धरलं की घंटी वाजे. घंटी म्हणजे काकूंना हाक.

"नमस्कार सर," मी म्हणालो.

सरांनी डोळे वर नेले. वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. नमस्कारालाही ते वरच नेत.

मी मशीन चालू केलं. पंखा घुमला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, सिस्टिम सुरू होतेय असं वाटलं आणि क्षणभर निळा पडदा चमकून सगळं विझलं. मग आपोआप पुन्हा पहिल्यापासून. मी पाच वेळा बघितलं. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

अशा वेळी नियम साधा असतो. जे जे जोडलंय ते काढत जायचं आणि कोणामुळे अडतंय ते बघायचं. मी प्रिंटर काढला. सरांच्या अंगठ्याखालचं बटणही काढलं. ते काढताना त्यांचा अंगठा माझ्या हाताला लागला, गार होता. भिंतीतली वीज न तोडता, नुसतं मशीन बंद करून झाकण उघडलं आणि मेमरीची एक पट्टी काढली, मग ती लावून दुसरी काढली. प्रत्येक वेळी तोच निळा पडदा. तासभर गेला असेल. मान दुखायला लागली.

शेवटी मी बॅगेतून सीडी काढली.

"काकू, सिस्टिम नव्यानं टाकावी लागेल. तासाभराचं काम आहे."

"मग होईल सुरू?"

"होईल. पण आतलं सगळं पुसलं जाईल. काय काय आहे यात? कुठं दुसरीकडं ठेवलंय का?"

"दुसरीकडं कुठं ठेवणार?" काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "त्यांचं सगळं त्यातच आहे. दोन वर्षांचं बोलणं."

मी सरांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. थकून नव्हे. घट्ट मिटले होते, उघडायचं नावच नाही.

मी सीडी पुन्हा बॅगेत टाकली. खरं सांगतो, फार मोठ्या मनानं नाही टाकली. आता दीडची एसटी चुकणार, हेच आधी मनात आलं.

मग जे अगदी सुरुवातीला करायला हवं होतं ते केलं. मशीन चालू होताना मधेच एक कळ दाबली की त्याच्या मुळाशी असलेली सेटिंग दिसते. सिस्टिम सुरू व्हायच्या आधीचा कारभार तिथे चालतो. डिस्क कुठली, मेमरी किती, आधी कोणाला उठवायचं. पहिल्याच पानावर तारीख आणि वेळ असते.

तारीख होती एक जानेवारी. साल सहा वर्षांपूर्वीचं. वेळ सहा चाळीस, संध्याकाळची.

मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. सकाळचे दहा चाळीस.

मशीनमध्ये शर्टाच्या बटणाएवढा एक सेल असतो. मशीन बंद असतानाही वेळ आणि सेटिंग तो लक्षात ठेवतो. तो मेला तरी काही काळ कळत नाही, कारण भिंतीतून वीज येत असेल तर त्या विजेवर आठवण टिकते. पण सेल मेलेला आणि भिंतीवरचं बटणही बंद, असं झालं की मशीन सगळं विसरतं. पुन्हा चालू केलं की त्याच्या दृष्टीनं नुकताच जन्म झालेला असतो. एक जानेवारी, शून्य वाजून शून्य मिनिटं.

त्या जन्माला अठरा तास चाळीस मिनिटं झाली होती.

"काकू," मी हिशोब करत सहज बोलून गेलो, "काल दुपारी चारला भिंतीवरचं बटण चालू केलं का कोणी? त्याच्या आधी बंद होतं वाटतं."

घरात इन्व्हर्टर होता, त्यामुळे लाइट गेल्याची सबब नव्हती. भिंतीवरचा बोर्ड लोखंडी कपाटाच्या मागे होता. मुद्दाम हात घातल्याशिवाय तिथे कोणाचा हात पोचला नसता.

"चहा ठेवते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

सर माझ्याकडे बघत होते. नजर शांत होती. मला उगाच अवघडल्यासारखं झालं आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं काकूंच्या मागे स्वयंपाकघरात गेलो.

गॅस पेटवलेलाच नव्हता. काकू ओट्याला दोन्ही हात टेकून उभ्या होत्या.

"मी बंद केलं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "सोमवारी सकाळी."

"असू दे काकू. होतं कधी."

"चुकून नाही, माणिकभाऊ. मुद्दाम केलं."

मी पाण्याचा तांब्या हातात धरून तसाच उभा राहिलो.

"रेणूला पत्र लिहायलेत ते. तीन आठवडे झाले. मला वाटलं त्यांच्या भूगोलाचं काहीतरी असेल. रविवारी पडद्यावरची धूळ पुसताना वाचलं." त्या थांबल्या. "तुझी आई संपत चालली आहे, लिहिलंय. मला तिकडच्या आजारी माणसांच्या संस्थेत ठेव आणि हिला तुझ्या घरी ने. हिला विचारू नको, ही नाही म्हणेल. असं लिहिलंय. चाळीस वर्षं झाली लग्नाला. मला न विचारता!"

"पाठवलं नव्हतं ना?"

"शेवटची ओळ चालू होती. रात्रभर मला कळंना काय करावं. सकाळी कपाटामागं हात घातला आणि बटण दाबलं. त्यांना म्हटलं, बंद पडलं की हो. नांदेडला फोन केलाय, माणूस येईल. फोन कुठला? तुम्हाला फोन काल संध्याकाळी केला."

"म्हणजे सोमवारी काही बिघडलंच नव्हतं."

"नव्हतं." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं होतं, पण चेहरा मागच्या खेपेपेक्षा ताजा वाटला. ते मला तेव्हाच जाणवलं होतं. "आणि मग सांगू काय झालं? मी झोपले."

"अं?"

"घंटी नाही ना. दिवसाला तीस-चाळीस वेळा वाजते ती. रात्री आठ-दहा वेळा. सोमवारी दुपारी जरा आडवी झाले ती दिवेलागणीला उठले. रात्री त्यांची कूस बदलायला दोनदा उठले, पण परत पडल्या पडल्या डोळा लागला. दोन वर्षांत असं झालं नव्हतं. मंगळवारी पुन्हा दुपारी झोपले. पत्राचं डोक्यातनंच गेलं बघा. नुसती झोप. चारला जाग आली तर ते माझ्याकडे बघायलेत. ओठ कोरडे पडलेले. दुपारचं पाणी पाजायचं राहिलं होतं." त्यांनी तोंडाला पदर लावला. "कधीपासून तहानले असतील आणि घंटी मीच बंद केलेली. धावत जाऊन बटण चालू केलं, तर हे असं. खोटं बोलले, ते खरं झालं. तुम्ही मागच्या वेळी बजावलं होतं, भिंतीवरचं बटण कधी बंद करू नका म्हणून. मी केलं. त्यांची वाचाच घालवली मी."

मी खरं म्हणजे तिथेच काहीतरी बोलायला हवं होतं. बोलायचं काय तेही मला ठाऊक होतं. पण मी तांब्यातलं पाणी प्यालो आणि म्हणालो, "बघतो."

बाहेर येऊन पुन्हा मशीनसमोर बसलो. आता चूक शोधायला वेळ लागणार नव्हता. सगळं विसरल्यावर मशीननं कारखान्यातली जुनी सेटिंग उचलली होती. डिस्क त्याला दिसत होती, पण तिच्याशी बोलायची रीत बदलली होती. सिस्टिमला ती रीत माहीत नव्हती, म्हणून ती दारापर्यंत येऊन परत फिरत होती. डिस्क धडधाकट होती. आतलं एक अक्षर हललं नव्हतं. मी ती एक नोंद पहिल्यासारखी केली, तारीख-वेळ लावली आणि मशीन सोडलं.

निळा पडदा आला नाही. मिनिटभरानं बाराखडीच्या ओळी आल्या. मी सरांच्या अंगठ्याखाली बटण परत बसवलं. पिवळी चौकट सरकायला लागली.

"काकू!" मी हाक मारली.

त्या दाराशी येऊन थांबल्या, पुढे आल्या नाहीत. पडद्यावर वरच्या अंगाला ते पत्र उघडं होतं. शेवटची ओळ अर्धवट. मी नजर दुसरीकडे वळवली.

सरांनी अंगठा दाबला. पत्राला हात न लावता कोरं पान घेतलं. मग एकेक अक्षर. एका अक्षराला दहा-बारा सेकंद लागत. चौकट सरके, अंगठा हले, टक्. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. बाहेर मिरचीची गाडी गेली आणि मला शिंक आली, ती मी नाक दाबून परतवली. पाच-सहा मिनिटांनी पाहुण्यानं आपल्या सपाट आवाजात वाचलं:

"बटण उंदरानं बंद केलं."

मला आधी काही कळलंच नाही. भिंतीवरचं बटण उंदीर कसा दाबेल? मग काकूंकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुम्हाला माहीत होतं?" त्या कशाबशा म्हणाल्या.

सरांचे डोळे वर गेले.

माहीत असणारच की. सोमवारी सकाळी त्यांच्यासमोरून त्या कपाटामागे गेल्या होत्या, आणि त्याच क्षणी पडदा विझला होता. दोन दिवस, तहान लागली तेव्हाही, ते माहीत असूनच पडून होते. आणि आता परक्या माणसासमोर बायकोची लाज जाऊ नये म्हणून दोन दिवसांनी मिळालेला पहिला शब्द त्यांनी उंदरावर खर्च केला होता.

काकू खाली बसल्या. हसल्या की रडल्या, मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच चाललं होतं.

आणि मग माझ्यानं राहवलं नाही.

"सर, मला एक सांगायचंय," मी म्हणालो. "काकूंनी बटण बंद केलं म्हणून मशीन बिघडलं नाही. सेल मेलेला होता. चार महिन्यांपूर्वी मी पंखा साफ करायला आलो होतो ना, तेव्हाच मशीन चालू होताना सूचना आली होती, सेल संपत आलाय. बॅगेत सेल नव्हता. बाजारात जाऊन आणायचा मला कंटाळा आला. एसटीची वेळ झाली होती. म्हणून मी ती सूचनाच दिसणार नाही अशी सोय केली, आणि काकूंना सांगितलं, भिंतीवरचं बटण कधी बंद करू नका. सेल बदलला असता तर महिनाभर बंद ठेवूनही काही झालं नसतं. आज तर मी सगळं पुसायला निघालो होतो."

एवढं बोलून होईपर्यंत माझे कान तापले होते. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्या चिडतील असं वाटलं, पण त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलेलं मला दिसलं. स्वयंपाकघरातच सांगितलं असतं तर ते अर्धा तास आधी उतरलं असतं.

टक्. टक्. सर लिहीत होते.

"मग दोन उंदीर," पाहुणा म्हणाला.

काकूंना आता खरंच हसू फुटलं. सरांच्या चेहऱ्यावर हसू उमटत नसे, स्नायूच उरले नव्हते. पण डोळे हसत होते हे मी शपथेवर सांगेन.

हसू ओसरल्यावर काकू उठून कॉटशी गेल्या. "ते पत्र पाठवायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी कुठं जाणार नाही."

सरांनी लिहायला घेतलं. काकू थांबल्या. दोन वर्षांत त्यांना थांबायची सवय झाली होती. भांडणसुद्धा थांबून थांबून करावं लागे.

"झोपलीस?" पाहुण्यानं विचारलं.

काकूंनी मान खाली घातली. "झोपले."

"किती?"

"पुष्कळ."

"मग पत्र बरोबर आहे."

"संस्था नको," काकू म्हणाल्या. "तुम्ही तिकडं, मी इकडं, हे होणार नाही. पण..." त्या अडखळल्या. पुढचं वाक्य कधी तोंडातून काढलं नसावं. "पण मला एकटीला होत नाही हो आता."

चौकट ओळींवरून नुसतीच फिरत होती. मग सरांनी ते पत्र पुढे घेतलं आणि मागून एकेक ओळ पुसायला लागले. हिला विचारू नको, ही ओळ गेली. हिला विचारू नको, ही ओळ गेली. तुझी आई संपत चालली आहे, ती मात्र ठेवली. तिच्याखाली नवीन लिहिलं: 'रात्रीसाठी बाई पाहिजे. ये आणि बघ.' ते पाठवायच्या आधी त्यांनी डोळे काकूंकडे वळवले. काकूंनी मान हलवली, तेव्हाच अंगठा दाबला.

रेणुका त्याच आठवड्यात हैदराबादहून आली. गल्लीतल्याच एका बाईला रात्रीसाठी ठेवलं. पुढे दीड वर्ष सर होते, घरीच होते. मी दर दोन-तीन महिन्यांनी जात राहिलो, काम असो वा नसो. हे सगळं नंतरचं. त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलंय.

मी बाजारात जाऊन सेल आणला, बसवला, मशीन भिंतीवरून बंद करून पुन्हा चालू करून दाखवलं. तारीख जागच्या जागी होती. दीड वाजून गेला होता. काकूंनी जेवायला बसवलं, भात-वरण आणि आंबाडीची भाजी. ताट उचलून मी बॅग आवरायला लागलो तर पाहुण्याचा आवाज आला:

"एसटी कधी?"

"पुढची साडेपाचला, सर."

"मग बस."

नंतर काकूंसाठी दुसरी ओळ. "तू झोप. माणिक बघेल."

काकूंनी हो-नाही केलं. मी म्हणालो, "काकू, खरंच पडा. पाणी किती नि कधी पाजायचं तेवढं सांगा." त्यांनी चमचा कसा धरायचा ते दाखवलं, मान किती उचलायची ते दाखवलं, दोनदा दाखवलं. मग आतल्या खोलीत जाऊन चटईवर आडव्या झाल्या. दार उघडंच ठेवलं.

मी कॉटशेजारी स्टुलावर बसलो. मलाही पेंग येत होती. तीन दिवसांचा शीण पाठीत भरला होता, पण त्या दुपारी घरी जायची घाई नव्हती. तासाभरानं मी सरांना चार चमचे पाणी पाजलं. एक चमचा हनुवटीवरून सांडला, तो पुसला.

थोड्या वेळानं सरांचा अंगठा हलला. आधी त्यांनी पाहुण्याचा आवाज बंद केला. मग दोनच अक्षरं लिहिली. मी स्टूल ओढून पुढे झालो आणि पडद्यावर वाचलं.

"ऐक."

मला वाटलं, काही दुखतंय. मी त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. त्यांनी डोळे मिटले. नाही. मग नजर आतल्या दाराकडे वळवली.

मी कान दिला. आतून काकूंचं घोरणं ऐकू येत होतं. संथ, लांब, मधेच थोडं अडकणारं. आम्ही दोघं ते ऐकत बसलो.